दोन टाचा

‘स्केल’ या रेकॉर्डबद्दल माझ्यापुढे कुणी अक्कल पाजळू नये. शेफील्डच्या बाजारात जुन्या रेकॉर्डींचा गाळा चालवते मी, वीस वर्षं झाली. या हातांखालून काय काय गेलं ते माझं मला माहीत. काळ्या कपड्यातली पोरं गाळ्यावर येतात आणि मलाच समजावून सांगतात, ‘बाई, हे ऐकलंय का, यानं सगळं बदललं.’ अरे बाळा, तुझी आई शाळेत होती तेव्हा मी ही रेकॉर्ड झिजवून झिजवून दुसरी विकत घेतली होती!

त्र्याऐंशी साली आली ती. बँडचं नाव ‘बे फोर’, म्हणजे आमच्या फोर्जचा, लोखंड ठोकून घडवायच्या कारखान्याचा, चार नंबरचा खण. तिघंही पोरं आमच्याच वस्तीतली, आटरक्लिफची, बापांच्या नोकऱ्या नुकत्याच गेलेल्या. स्केल म्हणजे तापलेल्या लोखंडावर धरते ती काळी खपली, घणाचा घाव बसला की उडते. रेकॉर्डवर सात गाणी, आणि गाणी म्हणायची म्हणून म्हणायची. गिटारीवर ग्राइंडर फिरवल्याचा आवाज, पत्रे, साखळ्या, आणि त्यावर त्यांचा गायक रॉडनी दात आवळून दोन-चार ओळी बोलतो. एकही ओळ धीर देणारी नाही. त्या वर्षी आमच्याकडे महिन्याला एक कारखाना बंद पडत होता. रेडिओवर सगळे प्रेमात पडत होते आणि मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. ‘स्केल’ ऐकली आणि पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी खोटं बोलत नाहीये.

शेवटचं गाणं ‘अडीच’. त्यात रॉडनीही नाही. नुसता वाफेचा घण, खराखुरा, कारखान्यात जाऊन टेप केलेला. आधी एक बारीक ‘टक’, मग घाव. टक, घाव. टक, घाव. सात मिनिटं हेच, हळूहळू छातीत उतरत जातं. मग शेवटी अचानक दोनदा, टक-टक, आणि लगेच सगळ्यात मोठा घाव. त्यानंतर काही नाही. दोन मिनिटं फक्त भट्टीची घुमी, खोल संथ घरघर, आणि सुई उठते.

त्या दोन टकांवर पानंच्या पानं लिहिली लोकांनी. एकानं लिहिलं, हृदयाचे शेवटचे दोन ठोके. कार्यक्रमात तर रीतच पडली. घणाबरोबर सगळं सभागृह पाय आपटायचं, दर घावाआधी एकदा, आणि शेवटी दोनदा. मीही आपटलेत. अमेरिकेपासून जर्मनीपर्यंत किती बँडनी तो शेवट उचलला याची गणती नाही. आम्हाला कॉलर ताठ करायला तेवढंच उरलं होतं.

हे सगळं मी माझ्या खोलीत ऐकायचे, पार भिंती हादरेपर्यंत. आई ओरडायची, समोरची बाई पोलिसांची धमकी द्यायची. भिंतीपलीकडचं घर मात्र कधी म्हणजे कधी तक्रार करत नसे, कारण तिथे क्लिफ काका राहायचे आणि त्यांना ठार ऐकू येत नसे.

क्लिफर्ड डंगवर्थ. चौदाव्या वर्षी फोर्जमध्ये लागले, बावन्नाव्या वर्षी बाहेर पडले. चार नंबरच्या खणातला मोठा घण तेच चालवायचे. घण चालवणाऱ्याचे कान तिशीतच जातात, त्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. सगळे ओठ वाचतात. काका तर रस्त्याच्या पलीकडून दोन बायकांची कुजबुज वाचून घरी बायकोला, मेव्हिस काकूंना, येऊन सांगायचे. काकू म्हणायच्या, ‘कान गेले ते बरंच झालं, नाहीतर या माणसानं अख्ख्या आटरक्लिफची गुपितं फोडली असती!’ माझा बाप आम्हाला सोडून गेल्यावर सायकल शिकवली ती काकांनीच. मागून धरायचे आणि ओरडायचे, ‘पुढे बघ पोरी, माझ्याकडे काय बघतेस? मी काही देखणा नाही!’ मागच्या जमिनीच्या तुकड्यात रुबार्ब, ती आंबट देठांची भाजी, लावायचे आणि निम्मा आमच्या दारात आणून टाकायचे.

एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात काकांच्या घणाखाली इनॉक हेग गेला. इनॉक म्हणजे त्यांच्या जोडीचा मुख्य लोहार. तापलेला तुकडा चिमट्यानं घणाखाली तोच धरायचा. एकवीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहिलेले. चौकशी झाली आणि निकाल लागला, चूक इनॉकची स्वतःची. काकांना कुणी बोट लावलं नाही. इनॉकची बायको एडना तर प्रेतयात्रेत स्वतःहून त्यांच्याजवळ आली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘तुझा काही दोष नाही रे क्लिफ. आमच्या माणसालाच घाई नडली.’

काका त्यानंतर एक दिवसही कामावर गेले नाहीत. हसणं बंद, क्लब बंद. निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि माणूस मात्र आतून सडत गेला. चूक नक्की कोणाची होती हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही माझ्याच आगाऊपणामुळे.

दोन हजार तीन साली रेकॉर्डला वीस वर्षं झाली म्हणून ती नव्यानं निघाली, सोबत एक पुस्तिका. त्यात कुठला आवाज कुठून घेतला त्याची यादी होती. रॉडनीची मावशी फोर्जच्या उपाहारगृहात होती. तिच्या ओळखीनं तो आत शिरला आणि टेपरेकॉर्डर एका बाकाखाली चालू ठेवून चहा प्यायला गेला, असं सगळं सविस्तर. ‘अडीच’पुढे लिहिलं होतं, ‘मोठा घण, चौथा खण, दिवसपाळी, ९ नोव्हेंबर १९८१.’

माझा आनंद गगनात मावेना. म्हणजे वीस वर्षं मी ज्याच्यावर जीव टाकत होते तो घण आमच्या क्लिफ काकांचा! गाळा अर्ध्यात बंद केला आणि पुस्तिका घेऊन धावतच त्यांच्याकडे गेले. काकू जाऊन सात वर्षं झाली होती. काका स्वयंपाकघरात चरबी फासलेला पाव खात बसले होते.

‘काका, तुम्ही जगप्रसिद्ध आहात!’ मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन म्हटलं.

‘आता काय केलं मी?’

‘हे वाचा. हा तुमचा घण. तुमचा हात आहे यात!’

त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीवरून सरकलं आणि तारखेवर थांबलं. मी अजून दात काढून उभी. पाव त्यांच्या हातातून बशीत पडला.

‘नऊ तारीख,’ ते म्हणाले. ‘अडीच. इनॉक अडीचला गेला.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला साल आठवत होतं, महिना आठवत होता, तारीख कुठली आठवायला? अठरा वर्षांची होते मी तेव्हा. काकांनी पुस्तिका बशीशेजारी ठेवली. मग त्यांनी विचारलं, ‘यात शेवटपर्यंत आहे?’

मी हो म्हणून मान हलवली.

‘टाचा ऐकू येतात?’

‘कसल्या टाचा?’

तेव्हा त्यांनी सांगितलं. चार नंबरला हाताच्या खुणा चालत नसत. वाफेत आणि धुरात हात दिसायचा नाही, आणि ओरडून काय उपयोग, सगळेच बहिरे. तिथली रीत वेगळी. घणाभोवती जमिनीला एक जाड लोखंडी लादी बसवलेली, लोहार आणि घण चालवणारा दोघंही तिच्यावरच उभे. पायात लाकडी तळाचे जोडे, खाली नाल ठोकलेली. लोहारानं टाच आपटली की ती लादीतून चालवणाऱ्याच्या तळव्यात यायची. एक टाच म्हणजे मार. दोन टाचा म्हणजे थांब.

‘चौकशीत साहेबानं विचारलं, किती टाचा आल्या? मी म्हटलं, एक. मला एकच लागली पोरी. देवाशपथ एकच. मग त्यांनी लिहिलं, इनॉकनं मार म्हणून सांगितलं आणि स्वतःच साचा सरळ करायला वाकला. एकवीस वर्षांत त्या माणसानं घाई कधी केली नव्हती.’

मला कुठलीही रेकॉर्ड लावायची गरज नव्हती. तो शेवट मला श्वासासारखा पाठ होता.

‘आणि खरं सांगू?’ काका खाली बघत म्हणाले. ‘त्या दिवशी माझ्या पायात जोडे नव्हते. मेव्हिसनं नवे बूट आणले होते, जाड रबराच्या तळाचे. माझ्या टाचांना भेगा पडायच्या, रक्त यायचं, तिला ते बघवायचं नाही. रविवारी आणले, सोमवारी घातले. इनॉक म्हणाला पण, “काय क्लिफ्या, आज पायाला गाद्या बांधून आलास?” आणि हसला. मीही हसलो.’

‘हे चौकशीत सांगितलंत?’ त्यांनी वर बघितल्यावर मी विचारलं.

‘बुटाचं कुणी विचारलं नाही. आणि सांगून काय करू? मेव्हिसला आयुष्यभर तेच घेऊन बसायला लावू? ती बिचारी मरेपर्यंत मला टोमणे मारत होती, इतके चांगले बूट आणले आणि कपाटात कुजवले म्हणून.’ त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘रबरातून दोनाची एक होते का, हे मला बावीस वर्षं कळलेलं नाही. रोज रात्री एक म्हणतो, सकाळी दोन म्हणतो. तू मला ते लावून दे. कानांनी नाही, पायांनी ऐकतो मी.’

मी म्हटलं, रविवारी. आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

झाकली मूठ होती, ती उघडायला मीच धावत गेले होते. आता निदान ती मी सांगेन तशी उघडेल, असं मी ठरवलं. गाळ्यावर माझं जुनं मोठ्या चकत्यांचं टेपयंत्र होतं. ‘अडीच’ त्यावर उतरवलं. शेवटच्या दोन टाचा कुठे आहेत ते चकती हातानं मागेपुढे करून शोधलं आणि ब्लेडनं चार बोटं टेप कापली. एक टाच गेली. चिकटपट्टी लावली, परत ऐकलं. जोड कळत नव्हता. माझ्यासारखी कान असलेली बाईसुद्धा फसली असती. त्या रेकॉर्डच्या एका ओरखड्यासाठी मी गिऱ्हाइकांशी भांडलेली आहे, आणि तिच्यातलं सगळ्यात मोठा क्षण मी ब्लेडनं कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला जरा बरंही वाटलं. म्हातारा सुखानं झोपेल, आणखी काय पाहिजे?

रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीतला गालिचा गुंडाळला. फळ्यांवर स्पीकर पालथा घातला. काकांनी बूट काढले, मोजे काढले, खुर्ची ओढून दोन्ही पाय स्पीकरच्या दोन बाजूंना टेकवले. भेगा अजून होत्या. उजवा हात त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला, मूठ अर्धी मिटलेली, घणाचा दांडा धरल्यासारखी. मी यंत्र चालू केलं.

पहिल्याच घावाला त्यांचं तोंड बदललं. ‘अगं, हा तर तोच!’ म्हणाले, आणि डोळे मिटले. सात मिनिटं त्यांची मूठ दर टाचेला किंचित खाली जायची आणि घावानंतर वर यायची. मी ते गाणं हजार वेळा ऐकलं असेन, पण ते दोन माणसांचं बोलणं आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. एक विचारतोय, दुसरा देतोय, आणि कुणीच घाईत नाही.

शेवट आला. एक टाच. घाव. मग घुमी.

काकांनी डोळे उघडले. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि ओठ मोठे करून म्हटलं, ‘एकच, काका. एकच होती. तुम्ही खरं बोललात.’

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

‘इनॉकची टाच पडल्यावर माझा हात खाली यायला एक श्वास लागायचा,’ ते म्हणाले. ‘एकवीस वर्षं, दर वेळी एक श्वास. इथे घाव आधीच आला.’ मग हळूच विचारलं, ‘दुसरी कुठे ठेवलीस, पोरी?’

मी दाखवायला म्हणून आणलेली मूळ रेकॉर्ड पिशवीतून काढली आणि काकूंच्या जुन्या रेकॉर्डप्लेअरला तोच स्पीकर जोडून लावली. एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मूठ हलवली नाही. दोन टाचा आल्या तेव्हा फक्त पायाची बोटं आवळली. घुमी संपेपर्यंत, सुई उठेपर्यंत बसले. मग वाकून एकेक मोजा चढवला. खूप वेळ लागला त्यांना.

‘त्यानं थांब म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘बरोबर दोनदा म्हटलं. आणि मी त्याला चुकीचा ठरवला.’

‘तुम्हाला कळलंच नाही काका, रबर होतं...’

‘एडनाला सांगायला हवं.’

‘एडना काकू नव्व्याण्णवलाच गेल्या ना.’

‘हो,’ ते म्हणाले. ‘खरंच की.’

अठरा वर्षं ती बाई दर शनिवारी बाजारात त्यांना भेटायची, घरचा केक कागदात बांधून द्यायची आणि जाता जाता म्हणायची, ‘मनाला लावून घेऊ नकोस, आमच्याच माणसाची चूक.’ नवऱ्याची चूक डोक्यावर घेऊन ती गेली. मुलंबाळं नव्हती. आता खरं सांगायला त्या घरातलं कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं. काकांनी अर्ज लिहून चौकशीच्या कचेरीत पाठवला, बुटांचंही लिहिलं. महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं, प्रकरण फार जुनं आहे, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

त्या शेवटच्या घावाखाली माणूस गेला हे रॉडनीला माहीत होतं का, असं मला लोक विचारतील. मी त्याला विचारलं नाही. ‘हो’ म्हणाला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

पुढच्या वसंतात ‘बे फोर’ पुन्हा एकत्र आले आणि शहराच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. मी जाणार नव्हते. काकांनीच बाजारातल्या भिंतीवर कागद वाचला.

‘त्या कार्यक्रमात लोक पाय आपटतात म्हणालीस ना?’

‘काका, नको.’

‘किती लोक?’

‘दोन हजार असतील. पण कशाला उगीच...’

‘मला जायचंय. तिकीट काढ.’

आले ते इस्त्रीचा कोट घालून, आणि पायात ते जुने नाल ठोकलेले लाकडी जोडे. दारावरचा गडी हसला, ‘आजोबा, फॅशन भारी हं!’ आम्ही सज्जाच्या पहिल्या रांगेत होतो, खाली लाकडी फळ्या, समोर पितळी कठडा. खाली सगळा काळ्या कपड्यांचा समुद्र, निम्म्यांची डोकी माझ्यासारखीच पिकलेली. खरं सांगते, पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढं सगळं कळूनसुद्धा. ते अजूनही तितकंच सुंदर होतं, आणि या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

शेवटी दिवे गेले आणि ‘अडीच’ सुरू झालं. दोन हजार पाय एकदम आपटले. सज्जा थरथरला. काका उठून उभे राहिले. उजव्या हातानं त्यांनी कोपऱ्यातला कठड्याचा उभा दांडा धरला, आणि दर पायाला त्यांचा हात दांड्यावरून खाली यायचा, घाव पडायचा, हात वर जायचा. एका श्वासाचं अंतर, एकदाही चुकलं नाही. पंचाहत्तरीचा माणूस, सात मिनिटं. मी त्यांचा कोट धरून ठेवला होता.

मग सगळ्या सभागृहानं दोनदा पाय आपटले.

काकांचा हात वर होता, तो त्यांनी वरच रोखला. नुसता रोखला नाही, डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि सगळं अंग मागे टाकलं, कोणीतरी खाली ओढत असल्यासारखं. ‘थांबलो!’ ते ओरडले. बहिऱ्या माणसाचा आवाज, स्वतःला न ऐकू येणारा, वेडावाकडा. ‘इनॉक, लागली रे! दोन्ही लागल्या! मी थांबलोय!’

घाव पडलाच. सगळ्या स्पीकरमधून पडला, नेहमीसारखा.

लोक घुमी संपायची वाट न बघता टाळ्या वाजवायला लागले. शेजारचा एक पोरगा काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘आजोबा, काय जोरदार शेवट आहे ना?’ काकांनी त्याचे ओठ वाचले आणि मान हलवली. हात अजून वरच होता. मी तो धरून खाली आणायला गेले, तर येईना.